पुठ्ठ्याच्या तुकड्याला साडेनऊ कोटी: बेसबॉल कार्डांच्या छंदाचं काय झालं?

२०२४च्या नाताळात लॉस एंजेलिसमधल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने बेसबॉल कार्डांचं पाकीट फोडलं. त्यातून पॉल स्कीन्स या नव्या खेळाडूचं कार्ड निघालं. स्कीन्स हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. कार्डात त्याच्या जर्सीवरचा कापडी बिल्ला बसवला होता, सोबत त्याची सही होती आणि असं कार्ड जगात एकच होतं. स्कीन्सच्या संघाने, पिट्सबर्ग पायरेट्सने, कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. मुलाच्या घरच्यांनी लिलाव पसंत केला. मार्च २०२५मध्ये ते कार्ड ११ लाख १० हजार डॉलरना गेलं, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेनऊ कोटी रुपये. घेणारी होती डिक्स स्पोर्टिंग गुड्स, खेळाच्या सामानाची दुकानं चालवणारी अमेरिकन कंपनी.

ही बातमी मला माझ्या भाच्याने दाखवली. तो न्यू जर्सीत नववीत शिकतो. त्याच्या खोलीत अशी शे-दोनशे कार्डं आहेत आणि त्यातली सात-आठ जाड पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद आहेत. मी त्यातलं एक हातात घेऊन उघडायला गेलो, तसा तो घाईने म्हणाला, "मामा, ते उघडायचं नसतं." बहिणीने स्वयंपाकघरातून विचारलं, "दादा, तूच बघ रे जरा. ही हौस आहे, गुंतवणूक आहे की जुगार?"

तिच्या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर मला देता आलं नाही. लहानपणी मी काड्यापेटीचे छाप आणि बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवली होती, त्यामुळे जमवण्याची ओढ कळत होती. प्लॅस्टिकचा डबा मात्र कळत नव्हता. तिथल्या मुक्कामात भाच्याबरोबर फिरलो, विचारलं, वाचलं. त्यातून जे उमगलं ते इथे मांडतो आहे.

## आधी, कार्ड म्हणजे काय?

पत्त्याच्या पानाएवढा, अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच पुठ्ठा. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची कामगिरी आकड्यांत. बस्स, इतकंच.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या सिगारेटच्या पाकिटांतून झाली. पाकीट चुरगळू नये म्हणून आत जाड कागद घालत. त्या कागदावर खेळाडूचं चित्र छापलं, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी त्याच कंपनीचं पाकीट मागतं, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. पुढे तंबाखूची जागा च्युइंगगमने घेतली आणि गिऱ्हाईक म्हणजे लहान मुलं झाली. ब्रुकलिनची टॉप्स ही गम विकणारी कंपनी १९५१ साली या धंद्यात उतरली. १९५२चा तिचा संच साय बर्गर नावाच्या कर्मचाऱ्याने सहकाऱ्याच्या मदतीने घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर बसून आखला: मोठा रंगीत फोटो, संघाचं बोधचिन्ह, मागे आकडेवारी. आजचं कार्ड थोड्याफार फरकाने त्याच आखणीचं आहे. याच टॉप्सने पुढे आपल्याकडे आयपीएलची 'क्रिकेट अटॅक्स' कार्डं विकली. साबणाबरोबर फुकट मिळणाऱ्या चमच्यासाठी ठरावीक साबणाचाच हट्ट धरणारी मुलं आपण पाहिली आहेत. कार्ड हा तो चमचा होता. नंतर साबण गळून पडला आणि चमचाच विकला जाऊ लागला. टॉप्सने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पाकिटातून गम काढून टाकला. गमचे डाग पडून कार्डं खराब होतात, अशी तक्रार होती. गिऱ्हाईक कोण आहे, हे बदलल्याची खूण मला तिथे दिसते. गम नको आणि कार्ड कोरं हवं, असं म्हणणारा माणूस दहा वर्षांचा नसतो.

## जुनं कार्ड एवढं महाग का?

कारण त्या काळी ते कुणी जपलंच नाही.

मुलांनी कार्डं सायकलच्या चाकात खोचली, भिंतीवर आपटून खेळली, रबरबँड लावून चपलांच्या खोक्यात कोंबली. मुलगा शिकायला दूर गेला की आईने खोली आवरताना खोकं टाकून दिलं. अमेरिकेत एका पिढीतला जवळजवळ प्रत्येक पुरुष ही गोष्ट सांगतो आणि सांगताना अजून हळहळतो. त्या आयांनी काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. जगातल्या कुठल्याही घरात तेच झालं असतं. पण त्यांच्या त्या आवराआवरीमुळेच उरलेल्या कार्डांना भाव आला.

सगळ्यात गाजलेली दोन उदाहरणं इथे सांगायलाच हवीत, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिलं होनस वॅगनरचं. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटबरोबर कार्डं काढली. सव्वापाचशेच्या आसपास कार्डांचा तो संच, त्यात वॅगनर हा पिट्सबर्गचा तेव्हाचा सर्वांत मोठा खेळाडू. त्याने आपलं चित्र वापरायला नकार दिला. मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून नकार दिला असं काहीजण सांगतात, पैशांवरून दिला असं काहीजण म्हणतात. कारण काहीही असो, छपाई थांबली आणि आज त्याची साठेक कार्डंच माहीत आहेत. २०२२मध्ये त्यातलं एक साडेबहात्तर लाख डॉलरना विकलं गेलं.

दुसरं न्यूयॉर्क यँकीज या संघाचा खेळाडू मिकी मँटल याचं, १९५२च्या त्याच टॉप्स संचातलं, क्रमांक ३११. संच टप्प्याटप्प्याने बाजारात येत असे. हे कार्ड शेवटच्या टप्प्यात होतं आणि तो टप्पा दुकानात पोचेपर्यंत बेसबॉलचा हंगाम संपत आला होता. संक्रांत उलटल्यावर पतंगाच्या दुकानात कोण जातो? माल पडून राहिला. साय बर्गर स्वतः सांगत असत की १९६० साली गोदाम रिकामं करण्यासाठी त्यांनी ती न खपलेली खोकी तराफ्यावर चढवली, न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत नेली आणि अटलांटिक समुद्रात बुडवली. ऑगस्ट २०२२मध्ये उत्तम अवस्थेतलं एक मँटल कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं, म्हणजे सुमारे शंभर कोटी रुपयांना. तीन वर्षं तो क्रीडा-कार्डांमधला विक्रम होता. २०२५च्या ऑगस्टमध्ये बास्केटबॉलमधल्या मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांच्या जोड-कार्डाने तो मोडला.

एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. मँटलचं हे कार्ड त्याच्या टप्प्यातलं सर्वांत दुर्मीळ नाही. छपाईच्या तावावर ते दोनदा बसवलेलं होतं, त्यामुळे शेजारच्या कित्येक कार्डांपेक्षा त्याच्या प्रती जास्त निघाल्या. शिवाय हे त्याचं पहिलंही कार्ड नाही. ते त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने काढलं होतं. तरी भाव यालाच. याचं कारण मँटल, न्यूयॉर्क यँकीज आणि त्या वर्षाचा तो देखणा संच या तिन्हींशी एका अख्ख्या पिढीचं बालपण जोडलेलं आहे. नुसतं दुर्मीळ असून भागत नाही, ते कुणाला तरी मनापासून हवंही असावं लागतं.

## मग सगळ्यांनीच जपायला सुरुवात केली

१९८०च्या सुमारास ती मुलं चाळिशीकडे झुकली आणि हातात पैसा आला. हरवलेलं बालपण परत विकत घ्यायला ती कार्डांच्या मेळाव्यांत जाऊ लागली. त्याच वर्षी एका न्यायालयाने टॉप्सची मक्तेदारी मोडणारा निकाल दिला आणि १९८१मध्ये फ्लीअर व डॉनरस या कंपन्याही कार्डं काढू लागल्या. १९८४मध्ये जेम्स बेकेट या संख्याशास्त्रज्ञाने कार्डांच्या किमतींचं मासिक सुरू केलं. आता प्रत्येक कार्डाचा छापील भाव होता. शाळकरी पोरं ते मासिक आपल्याकडे शेअर बाजाराचं पान वाचतात तसं वाचू लागली.

१९८९मध्ये अपर डेक ही नवी कंपनी आली. चकचकीत कागद, नकली माल ओळखता यावा म्हणून होलोग्रॅम आणि क्रमांक १ला केन ग्रिफी ज्युनिअर हा एकोणीस वर्षांचा पोरगा. खेळाडूच्या पदार्पणाच्या सुमारास निघणाऱ्या कार्डाला रूकी कार्ड म्हणतात. ग्रिफीचं हे रूकी कार्ड आपल्याकडे असावं असं त्या काळच्या प्रत्येक मुलाला वाटे.

इथेच घात झाला. जुन्या कार्डांनी श्रीमंत केलं, मग नवीही करतील, या हिशेबाने लोकांनी खोकीच्या खोकी न फोडता माळ्यावर रचली. कंपन्यांनीही मागणी पाहून बेसुमार छापलं. या काळाला संग्राहकांनी नंतर 'जंक वॅक्स' असं नाव दिलं. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद आणि जंक म्हणजे काय ते सांगायला नको. सगळ्यांनी सगळं जपलं की दुर्मीळ काहीच राहत नाही, हे साधं गणित लाखो घरांच्या ध्यानात उशिरा आलं. त्यात १९९४च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सीरिज, म्हणजे हंगामाची अंतिम लढतच रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी खेळाकडे पाठ फिरवली. कोपऱ्याकोपऱ्यावरची कार्डांची दुकानं एकामागून एक बंद पडत गेली.

आजही त्या काळातली न फोडलेली खोकी पस्तीस वर्षांपूर्वीच्या किमतीच्या आसपास मिळतात. ज्यांनी मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी म्हणून ती साठवली होती, त्यांचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांनी हाव धरली नव्हती. शेजाऱ्याने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता.

## दुर्मीळपणाच छापायला घेतला

एवढं पोळल्यावर धंद्याने जो मार्ग काढला, तिथे या छंदाचा स्वभाव बदलला. पूर्वी कार्ड दुर्मीळ *होत* असे, फाटून, हरवून, समुद्रात बुडून, आणि त्याला पन्नास वर्षं लागत. आता ते छापतानाच दुर्मीळ केलं जातं.

एकाच पैठणीची कल्पना करा. पदर तोच, वीण तीच. विणकराने साध्या काठाच्या हजारो काढल्या, निळ्या काठाच्या दीडशे, सोनेरी काठाच्या पन्नास, लाल काठाच्या पाच आणि एका वेगळ्याच काठाची फक्त एक. प्रत्येकीवर 'पन्नासपैकी सतरावी' असा आकडा टाकला. कार्डांत या रंगभेदाला पॅरलल म्हणतात. चित्र तेच, खेळाडू तोच, भाव मात्र दुप्पट, दसपट, हजारपट. २००९ सालचं माइक ट्राउटचं असं एकमेव कार्ड ऑगस्ट २०२०मध्ये ३९ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं, तेव्हा हा खेळाडू अजून तिशीतही पोचला नव्हता.

त्याच्या जोडीला सह्या आल्या. मग खेळाडूने प्रत्यक्ष घातलेल्या जर्सीचे तुकडे कार्डात बसू लागले. स्कीन्सच्या कार्डातला बिल्ला त्याच परंपरेतला, पण कल्पना आणखी नेमकी: २०२३पासून पदार्पण करणारा प्रत्येक खेळाडू पहिल्या सामन्यात बाहीवर एक खास बिल्ला लावतो. सामना संपला की तो उतरवून, खातरजमा करून, एकाच कार्डात घालतात. मला ही कल्पना आवडते, हे प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या सामन्याचा घाम लागलेलं कापड खरोखर एकच असतं. तिथे दुर्मीळपणा आधी घडतो आणि छापला नंतर जातो. नुसता काठ बदलून केलेल्या दुर्मीळपणाबद्दल मला तसं वाटत नाही.

## दहापैकी किती? प्लॅस्टिकच्या डब्याचं रहस्य

आता भाच्याच्या त्या न उघडायच्या डब्याकडे येऊ.

जुनं कार्ड कितपत चांगलं आहे, हे ठरवायचं कोणी? विकणारा म्हणे नवंकोरं, घेणारा म्हणे कोपरे झिजलेत. पीएसए ही कंपनी १९९१ साली या भांडणावर उपाय म्हणून उभी राहिली. कार्ड तिच्याकडे पाठवायचं, पैसे भरायचे. तिथले तपासनीस चार गोष्टी बघतात: कोपरे टोकदार आहेत का, कडा स्वच्छ आहेत का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का आणि चित्र चारही बाजूंनी बरोबर मध्यावर बसलं आहे का. मग एक ते दहा गुण देऊन कार्ड डबीत सीलबंद करतात. या तपासणीला ग्रेडिंग म्हणतात आणि डबीला स्लॅब.

भाचा म्हणाला, "मामा, सोन्याला हॉलमार्क असतो ना, तसं." तुलना पहिल्यांदा पटते, पण एका ठिकाणी तुटते. सोनं किती कॅरेटचं आहे हे मोजता येतं. दहा सोनारांकडे नेलं तरी आकडा तोच यायला हवा. कार्डाचा नऊ आणि दहामधला फरक हे शेवटी माणसाचं मत असतं. तेच कार्ड डबीतून फोडून पुन्हा पाठवलं आणि या खेपेला वेगळे गुण मिळाले, असं घडतं. काही मंडळी मुद्दाम तसं करतातही. आणि नऊचा दहा झाला की किंमत कित्येक पटींनी वाढू शकते. नुसत्या डोळ्यांना ती दोन कार्डं वेगळी ओळखू येत नाहीत. मी भाच्याच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. मला फरक दिसला नाही. त्यालाही भिंग लागलं.

या व्यवस्थेच्या मुळाशीच एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. पीएसएने गुण दिलेलं अगदी पहिलं कार्ड म्हणजे एक होनस वॅगनर. आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ते १९९१मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलं होतं. त्याला दहापैकी आठ गुण मिळाले. ऐंशी वर्षांपूर्वीच्या कार्डाला आठ हे अचाट होतं. पुढे २००७मध्ये ते २८ लाख डॉलरना विकलं गेलं. आणि २०१३मध्ये, ज्याच्या हातून ते कार्ड मूळ बाजारात आलं त्या बिल मास्ट्रो या लिलावदाराने फसवणुकीच्या खटल्यात कबुली दिली की त्याने कार्डाच्या कडा कापून सारख्या केल्या होत्या. नियमाप्रमाणे कापलेल्या कार्डाला गुण द्यायचेच नसतात.

## "पण तपासणारी कंपनी तटस्थ असतेच ना?"

तिने तटस्थ राहावं अशी अपेक्षा आहे आणि बहुतेक वेळा तपासनीस इमानाने काम करत असणार. पण रचना पाहा. पीएसएची मालकी असलेल्या कलेक्टर्स या कंपनीने २०२४च्या सुरुवातीला एसजीसी ही प्रतिस्पर्धी तपासणी कंपनीही विकत घेतली. मँटलच्या शंभर कोटींच्या कार्डाला गुण देणारी ती हीच एसजीसी. कलेक्टर्सकडे काही वर्षं गोल्डिन हे मोठं लिलावघरही होतं. ते २०२४मध्ये ईबेकडे गेलं. परीक्षा घेणारा, निकाल लावणारा आणि निकालावर बोली पुकारणारा एकाच घरातले असले, तर प्रश्न विचारायलाच हवेत. त्यासाठी कुणावर लबाडीचा आरोप करावा लागत नाही.

## साथीच्या वर्षांनी काय केलं

२०२० साली लोक घरात अडकले. माळे आवरले गेले, जुनी खोकी सापडली, सरकारकडून मदतीचे धनादेश आले, मैदानावरचे सामने बंद होते. काही महिन्यांत कार्डांच्या किमती भडकल्या. पीएसएकडे इतका माल साचला की मार्च २०२१मध्ये तिला बहुतेक प्रकारची तपासणी थांबवावी लागली. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली आणि टार्गेट या दुकानांच्या साखळीने काही काळ दुकानांतली कार्डविक्रीच बंद केली.

पुढे किमती उतरल्या, पण जुन्या पातळीवर गेल्या नाहीत आणि त्या लाटेत आलेली माणसंही सगळी परत गेली नाहीत. भाच्याबरोबर मी एका कार्ड-मेळाव्याला गेलो होतो. हॉटेलचं सभागृह, लांबच लांब टेबलं. प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनवर तेच कार्ड नुकतंच कितीला विकलं गेलं याची यादी. त्या ताज्या भावांना तिथे 'कॉम्प्स' म्हणतात. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा पन्नाशीच्या माणसाशी घासाघीस करत होता: "कॉम्प्सच्या ऐंशी टक्के देतो." तासाभरात खेळाडूच्या फटक्याबद्दल किंवा सामन्याबद्दल काही माझ्या कानावर पडलं नाही. एका कोपऱ्यात मात्र एक आजोबा दोन डॉलरला एक अशी १९७०च्या दशकातली झिजलेली कार्डं विकत होते आणि प्रत्येक कार्डामागची गोष्ट सांगत होते. भाचा तिथे सर्वांत जास्त वेळ रेंगाळला.

## सगळं एकाच कंपनीकडे

ऑगस्ट २०२१मध्ये या धंद्यातली सर्वांत मोठी उलथापालथ झाली. खेळाडूचा फोटो आणि संघाचं चिन्ह छापायला लीग आणि खेळाडूंची संघटना या दोघांचा परवाना लागतो. मेजर लीग बेसबॉल या तिथल्या मुख्य लीगच्या संघचिन्हांचा परवाना २०१०पासून एकट्या टॉप्सकडे होता आणि कंपनी शेअर बाजारात उतरायच्या तयारीत होती. तेवढ्यात बातमी आली की पुढचा परवाना फॅनॅटिक्स या कपडे-टोप्या विकणाऱ्या कंपनीला मिळणार. टॉप्सचा शेअर बाजाराचा बेत तिथेच कोसळला. जानेवारी २०२२मध्ये फॅनॅटिक्सने टॉप्सचा कार्डांचा व्यवसायच विकत घेतला. किंमत पन्नास कोटी डॉलरच्या घरात होती अशा बातम्या आल्या. बास्केटबॉलचा परवानाही आता तिच्याकडे आहे. इटलीच्या पनीनी या कार्ड-कंपनीने २०२३मध्ये तिच्यावर मक्तेदारीचा दावा लावला, फॅनॅटिक्सनेही उलट दावा केला.

सामान्य संग्राहकाला याचा फरक असा पडतो: एकच कंपनी कार्ड छापते, स्वतः ऑनलाइन विकते, त्याच कंपनीच्या बाजारात तुम्ही ते पुन्हा विकता आणि तिच्याच ॲपवर पाकिटं फोडण्याचा थेट कार्यक्रम चालतो. स्कीन्सच्या कार्डाचा लिलावही तिच्याच लिलावघरात झाला.

## "पाकिटं फोडण्याचा कार्यक्रम" म्हणजे?

याला ब्रेक म्हणतात. हापूसची महागडी पेटी एकट्याला परवडत नाही म्हणून दहा जणांनी वर्गणी काढली असं समजा. पण आंबे सारखे वाटायचे नाहीत. आधी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, डाव्या रांगेतले तुझे, मधल्या रांगेतले माझे. पेटी कॅमेऱ्यासमोर उघडायची. तुझ्या रांगेत सगळे डागी निघाले तर तू पैसे भरून रिकाम्या हाती. ब्रेकमध्ये रांगांऐवजी संघ असतात: तुम्ही पिट्सबर्ग घेतलं तर खोक्यातली पिट्सबर्गची सगळी कार्डं तुमची, एकही निघालं नाही तर काही नाही. हे रात्री उशिरापर्यंत चालतं, समोर बोलका सूत्रसंचालक असतो आणि पैसे एका टिचकीवर जातात.

## "मग हा जुगारच की!"

बहिणीचा हाच आक्षेप होता आणि तो मला उडवून लावता येत नाही. कंपन्यांचं म्हणणं असं की प्रत्येक पाकिटात काहीतरी कार्डं मिळतातच आणि अमुक प्रकारचं कार्ड किती पाकिटांमागे एक निघतं हे वेष्टनावर छापलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण शंभर डॉलरच्या खोक्यातून दहा डॉलरची कार्डं निघाली आणि ज्याच्या आशेने घेतलं ते निघालं नाही, तर मुलाच्या मनात जे होतं ते सोडत न लागल्यावर मोठ्या माणसाच्या मनात होतं तेच असतं. पाकीट फोडण्याची मजा मीही घेतली आहे. दोन डॉलरच्या पाकिटात ती मजा होती. दोनशे डॉलरच्या खोक्यात ती राहत नाही, तिथे पोटात गोळा येतो.

बहिणीला मी एवढंच सुचवलं: ब्रेक बंद. जे कार्ड हवं आहे ते सुटं विकत घे. बहुतेक वेळा ते खोकं फोडून शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

## "पण गुंतवणूक म्हणून?"

शंभर कोटींचं ते मँटल कार्ड आधीच्या मालकाने १९९१मध्ये ५० हजार डॉलरना घेतलं होतं. एकतीस वर्षांत अडीचशे पट. म्हणजे वर्षाला चक्रवाढीने साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. भुरळ पडावी असाच आकडा आहे. पण त्याच १९९१मध्ये कुणी पन्नास हजारांची नवी खोकी भरून ठेवली असती तर आज भाड्याच्या गोदामाचा खर्चही निघाला नसता. गोष्ट सांगितली जाते ती पहिल्या माणसाची.

शिवाय कार्ड व्याज देत नाही, लाभांश देत नाही. विकताना लिलावघर आपला वाटा कापतं, तपासणीचा खर्च वेगळा, टपाल आणि विमा वेगळा. नव्या खेळाडूच्या कार्डाला तर त्याच्या खांद्याचा भरवसा: एक शस्त्रक्रिया आणि भाव अर्ध्यावर. ज्यांना यातून पैसा मिळतो ते हे पूर्ण वेळ करतात, दुकानदारासारखं. हौसेला मोल नाही म्हणतात, ते इथे शब्दशः धरावं: हौसेसाठी घातलेले पैसे परत येणार नाहीत असंच समजून घालावेत.

## घरात जुनं खोकं सापडलं तर

अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो, विशेषतः नव्वदीच्या आसपास तिथे वाढलेल्यांच्या घरी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छपाईचं वर्ष असतं, ते आधी पाहा. १९८६ ते १९९३ असेल तर फार आशा नको. अगदी ग्रिफीचं कार्डसुद्धा दहापैकी दहा गुणांचं हजारोंनी उपलब्ध आहे. १९७०च्या आधीचं असेल तर पुसू नका, ओल्या फडक्याने तर नाहीच, आणि टेप लावू नका. मोठ्या खेळाडूंची नावं वेगळी काढा आणि किंमत मागणाऱ्याने लावलेली बघू नका, प्रत्यक्ष विकली गेलेली बघा. पन्नास डॉलरच्या कार्डाला तपासणीला पाठवण्यात अर्थ नाही.

भाच्याने मी निघायच्या आदल्या दिवशी मला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नेलं, कारण मी त्याला जेफरसन बर्डिक या माणसाबद्दल सांगितलं होतं. बर्डिक सिरॅक्यूजचा साधा कामगार, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. त्याने तीन लाखांहून जास्त कार्डं आणि छापील चिठोरे जमवले, त्यांची पहिली पद्धतशीर यादी केली आणि सगळं या संग्रहालयाला दिलं. वॅगनरच्या संचाला आज जगभर ज्या टी-२०६ या नावाने ओळखतात ते नाव त्याच्याच यादीतलं. मग वर्षानुवर्षं तो संग्रहालयात येऊन एकेक कार्ड आल्बममध्ये डकवत बसला. गोंदाने, स्वतःच्या हाताने. वॅगनरसुद्धा. आजच्या तपासनिसाने त्या पानांवरच्या कार्डांना दहापैकी एकच गुण दिला असता.

जानेवारी १९६३मध्ये शेवटचं कार्ड डकवून झालं. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात दाखल झाला आणि दोन महिन्यांनी गेला. भाच्याने हे ऐकून घेतलं आणि घरी परतताना गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, माझ्याकडे त्या आजोबांकडून घेतलेली दोन डॉलरची कार्डं आहेत ना, ती मी आल्बममध्ये लावतो."